गुंतलेल्या ग्राफची बहुपदी: बेळगावच्या प्रकल्प नोंदी

२ जून, टिळकवाडी

यंदाच्या प्रकल्पाचा विषय पक्का केला: अवकाशात गुंतलेल्या ग्राफची यामाडा बहुपदी. ग्राफ म्हणजे काही बिंदू (शिरोबिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कडा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातले तिघे तयार आहेत: वडगावची एक मुलगी, जांबोटीचा एक मुलगा आणि गोकाकची एक मुलगी. पहिल्या दोघांची दहावी मराठी शाळेतून झाली, म्हणून नोंदी मराठीत ठेवते. गोकाकची स्वतःची वही कन्नडमध्ये लिहिणार आहे. सूत्रं दोन्हीकडे तीच.

गाठ म्हणजे टोकं जोडलेली एकच दोरी. वॉन जोन्स यांनी १९८४ मध्ये आपली बहुपदी शोधली तेव्हापासून गाठींच्या बहुपदींवर पुष्कळ लिहिलं गेलं. आम्हाला हवं आहे त्याच्या पुढचं: जिथे दोऱ्या एका बिंदूत तीन-तीन, चार-चार येऊन मिळतात अशी रचना. शुजी यामाडा यांनी १९८९ मध्ये अशा रचनांसाठी बहुपदी दिली. ढोबळमानाने, दोन चित्रांच्या बहुपदी वेगळ्या आल्या तर त्या रचनाच वेगळ्या. ती निवडण्याचं माझं कारण सरळ आहे. ती पाटीवर काढता येते. वर्गणी भरून मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज नाही आणि तिच्यातला प्रत्येक टप्पा तिसऱ्या वर्षाच्या मुलाला स्वतः तपासता येतो.

९ जून

नियम फळ्यावर लिहिले. चल क्ष धरला आहे, घात ^ या खुणेने.

चित्रात क्रॉसिंग, म्हणजे एक दोरी दुसरीवरून गेलेली जागा, दिसलं की त्या जागी तीन चित्रं काढायची. दोन चित्रांत दोऱ्या एकमेकींना न ओलांडता दोन तऱ्हांनी जोडून घ्यायच्या. तिसऱ्यात त्याच जागी चार कडांचा शिरोबिंदू बसवायचा. पहिल्या चित्राची किंमत (म्हणजे त्याची बहुपदी) क्ष ने गुणायची, दुसऱ्याची क्ष^-१ ने, तिसऱ्याची तशीच, आणि बेरीज करायची. पहिलं कुठलं, यासाठी आमचा संकेत असा: वरची दोरी घड्याळाच्या उलट फिरवली की ती ज्या दोन भागांवरून सरकते, ते भाग ज्या चित्रात एक होतात ते पहिलं. सगळी क्रॉसिंग संपली की सपाट ग्राफ उरतो. त्यातली दोन वेगळ्या टोकांची एखादी कडा घ्यायची. एकदा ती पुसायची, एकदा ती आकसून टोकं एक करायची, आणि दोन्ही किमती मिळवायच्या.

स = क्ष + १ + क्ष^-१ असं लिहू. नुसत्या बिंदूची किंमत −१. एका बिंदूवर न फासे (त्याच बिंदूतून निघून तिथेच परतणाऱ्या कडा) असतील तर −(−स)^न. सुट्या तुकड्यांच्या किमतींचा गुणाकार होतो. एकाच बिंदूत जोडलेल्या दोन तुकड्यांचाही गुणाकारच, पण उणे चिन्हासह. बस्स, एवढंच भांडवल.

थीटा ग्राफ, म्हणजे दोन बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या तीन कडा. एक कडा पुसली की वर्तुळ उरतं: स. आकसली की एका बिंदूवर दोन फासे: −स^२. थीटाची किंमत स − स^२, उलगडून −क्ष^२ − क्ष − २ − क्ष^-१ − क्ष^-२. क्ष च्या जागी १ घातला की −६ येतात. चिन्ह सोडलं तर ६ म्हणजे थीटाच्या तीन कडा तीन रंगांनी रंगवण्याचे मार्ग. हे योगायोगाने होत नाही. प्रत्येक बिंदूत तीन कडा असलेल्या कुठल्याही सपाट ग्राफसाठी ही संख्या म्हणजे कडा तीन रंगांत रंगवण्याचे मार्ग, एका बिंदूतल्या तिन्हींचे रंग वेगळे. चतुष्फलकाच्या ग्राफसाठीही (चार बिंदू, प्रत्येक प्रत्येकाशी जोडलेला) ६. टेट यांनी १८८० मध्ये दाखवलं होतं की नकाशा चार रंगांत रंगवण्याचा प्रश्न आणि कडा तीन रंगांत रंगवण्याचा प्रश्न एकच. ॲपेल आणि हाकेन यांनी १९७६ मध्ये चार रंगांचं प्रमेय सिद्ध केलं, म्हणजे ज्या अशा सपाट ग्राफमध्ये कुठलीच कडा पूल नसते (पूल म्हणजे पुसली की ग्राफचे तुकडे पडतात अशी कडा) तिथे ही संख्या कधीच शून्य होत नाही. मुलांच्या वहीत हे ठळक चौकटीत लिहायला सांगितलं.

पुलाचंही लगेच झालं. हातकडी ग्राफ, म्हणजे दोन फासे आणि त्यांना जोडणारी एक कडा. ती कडा पुसली तर दोन वर्तुळं सुटी, स^२. आकसली तर −स^२. बेरीज शून्य. सपाट चित्रात पूल असेल तर बहुपदी नेहमी शून्यच.

१६ जून

आज हातात घेऊन पाहिलं. खडे बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून लाल, काळी आणि हिरवी वायर आणली. तिन्हींची टोकं दोन्ही बाजूंना सोलून पिळली, झाला थीटा. एका टोकापाशी लाल वायर काळीवरून एकदा पलीकडे नेली. टेबलावर आता एक क्रॉसिंग दिसतं. पिळलेलं टोक बोटांत धरून अर्धा वळसा दिला की क्रॉसिंग नाहीसं होतं. म्हणजे ग्राफ तोच, चित्र वेगळं. बहुपदीला हे कळतं का?

वडगावच्या मुलीने फळ्यावर काढलं. क्रॉसिंग सोडवण्याच्या एका तऱ्हेत साधा थीटा मिळतो. दुसऱ्या तऱ्हेत दोन वायरी जाग्यावर परत फिरतात आणि हातकडी होते, म्हणजे शून्य. तिसऱ्या चित्रात नवा चार कडांचा बिंदू मधोमध बसतो. एका टोकाकडे दोन कडा, दुसऱ्या टोकाकडे दोन, आणि हिरवी बाहेरून. हिरवी पुसली तर −स^२. आकसली तर दोन बिंदूंमध्ये चार कडा: स − स^२ + स^३. एकूण स − २स^२ + स^३, म्हणजे थीटाच्या किमतीची (१ − स) पट. आणि १ − स म्हणजे −क्ष − क्ष^-१. सगळं एकत्र केलं तर

क्ष·थीटा + ० − (क्ष + क्ष^-१)·थीटा = −क्ष^-१·थीटा.

ती खडू खाली ठेवून म्हणाली, “मॅडम, उत्तर तेच आलंय की, फक्त पुढं एक −क्ष^-१ चिकटलंय.” हेच आजचं फळ. तीन कडांच्या बिंदूपाशी वळसा दिला की बहुपदी (−क्ष)^±१ ने गुणली जाते. एखादी कडा स्वतःलाच एकदा ओलांडून फासा पडला असेल तर तो ओढून सरळ केला की क्ष^±२ ने. म्हणून दोन उत्तरं (−क्ष) च्या घाताइतक्याच फरकाने वेगळी असतील तर आपण ती एकच मानतो. हा फरक माफ केला की जिथे प्रत्येक बिंदूत जास्तीत जास्त तीन कडा आहेत अशा ग्राफसाठी ही बहुपदी खरोखर अचल राहते, म्हणजे बदलत नाही, दोऱ्या कितीही हलवा. प्रमेय म्हणून हे वाक्य एका ओळीचं आहे, पण लाल-काळ्या वायरीचा वळसा हातात असताना ते वाचणं वेगळं.

३० जून

जांबोटीचा आठवडाभर आला नाही. घाटाकडे पाऊस लागलाय, कणकुंबीच्या बाजूची बस बंद. फोनवर त्याला कोड लिहायचं काम दिलं: प्रत्येक कडेला क्रमांक, प्रत्येक क्रॉसिंग म्हणजे चार क्रमांकांची यादी, प्रत्येक शिरोबिंदू म्हणजे त्याच्या कडांची यादी, फिरण्याच्या क्रमाने.

७ जुलै

आज बहुपदी बाजूला ठेवली. कॉन्वे आणि गॉर्डन यांचा १९८३ चा निकाल मुलांना दाखवायचा होता: सहा बिंदू घ्या, प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडा, अवकाशात हवं तसं जोडा, तरी त्यात एकमेकांत अडकलेले दोन त्रिकोण असणारच. थर्माकोलच्या पाटात सायकलच्या सहा तारा कमी-जास्त उंचीवर खोचल्या, त्यांच्या टोकांना पंधरा दोरे बांधले. मागाचं सूत वडगावहून आलं, रंग हवे तेवढे.

दोन सुटे त्रिकोण निवडण्याचे १० मार्ग आहेत. गोकाकच्या मुलीने दहाही जोड्या तपासल्या आणि एक जोडी अडकलेली सापडली. मग जांबोटीच्याने दोन दोरे सोडून उलट्या बाजूने बांधले. ती जोडी सुटली, दुसरी अडकली. असं का होतं ते फळ्यावर आणलं. समजा अ–आ ही कडा इ–ई या कडेतून पलीकडे नेली. उरलेले बिंदू उ आणि ऊ. या चार टोकांमुळे फक्त दोन जोड्यांवर परिणाम होतो: अ-आ-उ बरोबर इ-ई-ऊ, आणि अ-आ-ऊ बरोबर इ-ई-उ. प्रत्येकीची गुंतणसंख्या (एक त्रिकोण दुसऱ्यातून किती वेळा ओवला गेलाय ती संख्या) एकाने बदलते. म्हणजे दहा जोड्यांच्या बेरजेची सम-विषमता हलत नाही. एका मांडणीत बेरीज विषम आली की सगळ्या मांडण्यांत विषम, आणि विषम म्हणजे शून्य नाही. दोन कडांना एक बिंदू सामाईक असेल तर त्या कडा दोन सुट्या त्रिकोणांत येऊच शकत नाहीत, तेव्हा तिथे काही बदलत नाही.

इतका सुंदर पुरावा मी क्वचितच शिकवला आहे. त्यात एकही बहुपदी लागत नाही, हे मुलांच्या लक्षात यावं असं मला वाटत होतं. जिथे सम-विषमतेने काम भागतं तिथे मोठं हत्यार काढू नये. सात बिंदूंसाठी कॉन्वे-गॉर्डन यांच्या याच लेखात गाठीचा निकाल आहे: कुठल्याही मांडणीत सातही बिंदूंतून जाणाऱ्या ३६० चक्रांपैकी (बंद वाटांपैकी) किमान एक खरी गाठ असतेच. तो पुरावा पुढच्या वर्षासाठी ठेवला.

२१ जुलै

ज्यासाठी हा प्रकल्प मी मनापासून करायचा ठरवला ती गोष्ट आज आली: चार कडांचा बिंदू.

वडगावची मुलगी कोटाची चार भोकांची मोठी बटणं घेऊन आली. बटणाच्या भोकांना फिरण्याच्या क्रमाने १, २, ३, ४ म्हणू. पहिल्या बटणात १ मधून निघालेली दोरी २ मध्ये परत आणली आणि ३ मधली ४ मध्ये. दोन फासे, किंमत −स^२. दुसऱ्या बटणात २ आणि ३ मधून निघणाऱ्या दोऱ्या बाहेर एकदा एकमेकींवरून नेल्या आणि मग तशाच जोडल्या. म्हणजे फासे आता १–३ आणि २–४ असे झाले. एकच क्रॉसिंग.

दुसऱ्याची किंमत काढली. क्रॉसिंग सोडवण्याच्या दोन्ही तऱ्हांत बटणावर दोनच फासे राहतात, दोन्हींची किंमत −स^२. तिसऱ्या चित्रात बटण आणि नवा बिंदू यांच्यामध्ये चार कडा, म्हणजे स − स^२ + स^३. बेरीज:

−(क्ष + क्ष^-१)स^२ + स − स^२ + स^३.

आता क्ष + क्ष^-१ म्हणजे स − १. म्हणून −स^३ + स^२ + स − स^२ + स^३, आणि उरतो फक्त स.

एका बटणाला −स^२, दुसऱ्याला स. (−क्ष) च्या कुठल्याही घाताने गुणून एकातून दुसरं मिळत नाही. आणि बटणाच्या जागी मऊ दोऱ्याने चारही टोकं एकत्र बांधली असती, तर २ आणि ३ सहज एकमेकींवरून सरकवून दोन्ही रचना एक झाल्या असत्या. म्हणजे मऊ बिंदू मानला तर चार कडांना ही बहुपदी अचल नाहीच. बिंदू बटणासारखा सपाट आणि ताठ मानला, कडांचा फिरण्याचा क्रम पक्का धरला, तरच ती अचल.

“मग बरोबर कुठलं धरायचं, मॅडम?” जांबोटीच्याने विचारलं. मी त्याला सांगितलं की बरोबर-चूक ठरवण्याची ही गोष्ट नाही, आपण कशाचा अभ्यास करतोय ते आधी लिहायचं. सुतळी चार दिशांनी बांधली असेल तर बिंदू मऊ. रेणूत चार बंध असलेला अणू असेल किंवा चार तोंडांचा नळजोड असेल तर ताठ. गुंतलेल्या ग्राफवरच्या लेखात हे पहिल्या पानावर नसेल तर पुढचं वाचू नये, असं माझं ठाम मत आहे. कारण आत्ताच फळ्यावर दिसलं तसं, उत्तर एका चलाच्या दोन वेगळ्या बहुपदींइतकं बदलतं. आमच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिलं: तीनपर्यंत कडा असतील तर बिंदू मऊ, चार किंवा जास्त असतील तर ताठ.

४ ऑगस्ट

प्रोग्रॅम चालू झाला. पायथनमध्ये आहे, जुन्या लॅपटॉपवर. न क्रॉसिंगना ३^न सपाट ग्राफ पडतात: सात क्रॉसिंगना २१८७, दहांना ५९,०४९. हे झेपतं. वेळ खातो तो प्रत्येक सपाट ग्राफ पुसत-आकसत नेण्याचा भाग. म्हणून आधी पूल शोधून शून्य देतो आणि एकदा आलेला ग्राफ लक्षात ठेवतो.

पडताळणीसाठी दुसरी वाटही बसवली. क = क्ष + २ + क्ष^-१ धरायचं. ग्राफच्या कडांचा प्रत्येक उपसंच घ्यायचा, त्यात किती तुकडे आणि किती स्वतंत्र चक्रं आहेत ते मोजायचं, (−१)^तुकडे गुणिले (−क)^चक्रं अशी बेरीज करायची. थीटाला −क^२ + ३क − २ येतं, म्हणजे −(क − १)(क − २), आणि क − १ म्हणजे स. जुळलं. संध्याकाळी लाईट गेली तेव्हा गोकाकच्या मुलीने मोबाईलच्या उजेडात चतुष्फलक हाताने पूर्ण केला.

१८ ऑगस्ट

हातकडी पुन्हा. या वेळी दोन फासे एकमेकांत अडकवलेले, साखळीच्या दोन कड्यांसारखे, आणि मध्ये जोडणारी वायर. ही रचना सपाट हातकडीहून वेगळी आहे हे डोळ्यांनाच दिसतं. बहुपदीला ते दाखवायला किती कष्ट पडतात ते पाहायचं होतं.

इथे एक सोपी युक्ती आहे. एका क्रॉसिंगला वरची दोरी खाली घातली तर सोडवलेल्या दोन चित्रांचे गुणक अदलाबदल होतात, तिसरं चित्र तेच राहतं. म्हणून मूळ किंमत वजा बदललेल्याची किंमत = (क्ष − क्ष^-१) गुणिले (पहिलं सोडवलेलं चित्र − दुसरं). आपल्या रचनेत एक क्रॉसिंग बदललं की फासे सुटतात आणि किंमत शून्य होते. उरलेली दोन चित्रं दोन्ही थीटाच: एकात कडेला फासा, क्ष^२·थीटा; दुसऱ्यात बिंदूपाशी वळसा, जूनमध्ये काढलेला −क्ष^-१·थीटा. म्हणून अडकलेल्या हातकडीची किंमत (क्ष − क्ष^-१)(क्ष^२ + क्ष^-१)·थीटा. उलगडल्यावर:

−क्ष^५ − क्ष^४ − क्ष^३ − क्ष^२ + क्ष^-१ + क्ष^-२ + क्ष^-३ + क्ष^-४.

चार उणे, चार अधिक, मध्ये दोन जागा रिकाम्या. प्रोग्रॅमनेही हेच दिलं. क्ष च्या जागी क्ष^-१ घातला की आरशातल्या रचनेची बहुपदी मिळते. ती या बहुपदीला (−क्ष)^-१ ने गुणल्यावर येते तीच आहे. म्हणजे ही रचना आणि तिचं प्रतिबिंब यांत बहुपदी भेद करत नाही. वायरीचा नमुना घेऊन मुलांनी दोन्ही एकमेकींत बदलून पाहावेत असं सांगितलं आहे.

जाता जाता एक टिपण, एम.एस्सी.ला जाणाऱ्यांसाठी. कौफमनच्या कंसात (गाठीच्या चित्रावरून बहुपदी काढण्याची आणखी एक रीत), त्याचा चल अ मानला तर, एका वर्तुळाची किंमत −अ^२ − अ^-२ असते. तिचा वर्ग करून १ वजा केला की अ^४ + १ + अ^-४ येतं, म्हणजे क्ष = अ^४ धरल्यावर आपला स. यामाडा बहुपदीतली प्रत्येक कडा आतून दोन समांतर धाग्यांची असते, हे त्याचं कारण.

१ सप्टेंबर

गणपतीच्या दिवसांत काम थोडं मागे पडलं. आज किनोशिता यांच्या थीटाचं चित्र प्रोग्रॅमला दिलं. त्यांनी १९७२ मध्ये अशा थीटांवर लिहिलं आहे. या रचनेतली तीनपैकी कुठलीही एक कडा काढा, उरलेल्या दोन कडा मिळून साधं वर्तुळ होतं, गाठ मुळीच नाही. तरी तिन्ही असताना ती टेबलावर सपाट मांडता येत नाही. गाठींच्या कुठल्याही बहुपदीने तिची एकेक जोडी तपासली तर तीन वेळा ‘काही नाही’ असंच उत्तर मिळेल. गुंता तिन्ही कडांचा मिळून आहे. वायरीचा नमुना वर्गात फिरवला, तिघांनी आळीपाळीने एकेक रंग काढून खात्री केली.

आलेली बहुपदी थीटाच्या किमतीची (−क्ष)^न पट नाही. दोन्ही वाटांनी तपासलं. रचना खरोखर गुंतलेली आहे हे आता आमच्याच यंत्रावर सिद्ध आहे.

१५ सप्टेंबर

रसायनशास्त्र विभागातल्या एका शिक्षकांनी विचारलं, याचा रेणूंशी संबंध काय. त्यांना वाल्बा आणि सहकाऱ्यांचं १९८२ चं काम दाखवलं: तीन पायऱ्यांची शिडी, टोकं जोडताना अर्धा पीळ दिलेली, प्रयोगशाळेत तयार केलेली. जोनाथन सायमन यांनी १९८६ मध्ये सिद्ध केलं की तो रेणू कितीही वाकवला तरी त्याच्या प्रतिबिंबात बदलत नाही. पायरी जिथे बाजूच्या दांडीला मिळते तिथे तीन कडा, म्हणजे आमच्या पहिल्या पानावरच्या मऊ बिंदूंच्या यादीत तो बसतो. पण सायमन यांच्या सिद्धतेत पायऱ्या पायऱ्यांवरच जाव्यात अशी अट आहे, आणि आमच्या बहुपदीला पायरी कुठली, बाजूची दांडी कुठली हे कळत नाही. रसायनात ते कळायलाच हवं, कारण पायरीवरचे बंध वेगळे असतात.

म्हणून जांबोटीच्याला कोडमध्ये प्रत्येक कडेला रंगाचं एक खातं जोडायला सांगितलं आहे. त्या रंगांसह पायऱ्या काढल्यावर उरणाऱ्या उपग्राफच्या बहुपदी वेगळ्या मोजायच्या, आणि पूर्ण शिडीच्या बहुपदीसोबत त्यांची यादी ठेवायची. शिडीचं चित्र वडगावची मुलगी देणार, क्रमांक गोकाकची घालणार. पुढची बैठक पुढच्या सोमवारी, दुपारी तीनला, रसायनच्या वर्गात. त्यांच्याकडे मोठा फळा आहे.